ई म्हणणारं यंत्र

आमचे हे फौजेत होते. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि बाकीचं वर्ष सोप्यातल्या भिंतीवर फोटोत असायचे. फोटोतल्या माणसाशी पोरांचं उत्तम जमायचं. धाकटी तर रोज अंघोळ झाली की त्याला हात जोडायची, कारण शेजारीच दत्ताची तसबीर होती आणि दोघं एकाच खात्यात कामाला असावेत असा तिचा समज होता. खरा माणूस ट्रंक घेऊन दारात उभा राहिला की मात्र पंचाईत व्हायची.

त्या वर्षी हे मे महिन्यात आले. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव इस्लामपूरच्या जवळ, सडकेला लागून. घरची उसाची शेती, सासरे, सासूबाई, मी आणि दोन पोरं. थोरला दुसरी पास होऊन तिसरीत जायचा होता. धाकटीची शाळा अजून सुरू व्हायची होती, पण भावाची जुनी पाटी तिनं केव्हाच बळकावली होती आणि दिवसभर त्यावर काहीबाही गिरवत बसायची. यांची नेमणूक तेव्हा तिकडं लांब सिलिगुडीला होती. कऱ्हाडला रेल्वेतून उतरून एसटीनं दमूनभागून घरी पोचले, तर थोरला पुढं येऊन पाया पडला आणि धाकटी माझ्या पदरामागं अशी काही गेली की मला चालता येईना.

रात्री जेवायला बसल्यावर ती माझ्या कानाशी आली. तिचं कुजबुजणं सगळ्या घराला ऐकू जायचं.

"आई, ह्ये कवा जाणार?"

यांचा भाकरी मोडणारा हात थांबला. मग हसून म्हणाले की अजून नीट आलोच नाही, तर जायचं काय विचारतेस. हसले खरे, पण त्यानंतर मी कालवण वाढायला गेले तर नको म्हणाले. मला पोरीला एक धपाटा घालावासा वाटला आणि यांच्या पाठीवरनं हात फिरवावासा वाटला. समोर सासूसासरे बसलेले, म्हणून दोन्ही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. सासऱ्यांना लोकरीचं कांबळं, सासूबाईंना चहाची पुडी आणि मला नायलॉनची साडी. ही साडी मे महिन्यात नेसली असती तर मी भाजीसारखी शिजून निघाले असते, पण बाईमाणसानं अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, म्हणून मी 'रंग छान आहे' एवढंच म्हटलं. सगळ्यात तळाला बनियनमध्ये गुंडाळलेले दोन डबे होते. ते यांनी स्वतःच्या हातानं काढले. नेपाळच्या हद्दीवर म्हणे एक बाजार भरतो, तिथं परदेशी माल मिळतो. तिथनं यांनी आणि यांच्या एका दोस्तानं हे विकत घेतलं होतं. हातात धरून खेळायचं, सेलवर चालणारं खेळणं. आमच्या पंचक्रोशीत तोवर असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं.

पहिलं खेळणं काळं, साबणाच्या वडीएवढं. वरती एक खिडकी, तिच्यात लाल ठिपके चमकायचे. सगळ्यात खालचा ठिपका म्हणजे आपली मोटार आणि समोरनं येणारे बाकीचे ठिपके म्हणजे दुसऱ्यांच्या मोटारी. बोटानं कळ सरकवून आपली वाचवायची. धडकली की यंत्र टर्रर्र करायचं.

दुसरं पिवळं, थोडं मोठं. हे गणिताचं होतं. आकडे चमकायचे, बेरीज-वजाबाकी विचारायचं, आणि आपण उत्तराचं बटण दाबायचं. त्याच्या डोक्यावर चष्मा लावलेल्या घुबडाचं चित्र होतं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकल्या. यांनी समजावलं की परदेशात घुबड हुशार समजतात. सासूबाई म्हणाल्या की तिकडं काय समजायचं ते समजू देत, चष्मा लावला म्हणून घुबड शुभ होत नाही. शेवटी त्यांनी उठून घुबडाच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं, तेव्हा कुठं ते घरात राहायला पात्र झालं.

आता खरी गोष्ट अशी की दोन्हींतलं एकच आमचं होतं. दुकानात दोनच नग उरले होते, एक एक जातीचा. दोस्ताचं घर साताऱ्याकडं, कोरेगावच्या बाजूला. त्यालाही लहान पोर होतं. दोघांची सुट्टी एकत्रच मंजूर झालेली. तो यांना म्हणाला होता की तुझी पोरं दोन आहेत, तू आधी निवड, मी सांगलीला बहिणीकडं जाताना तुझ्या घरावरनं जाईन आणि राहील ते घेऊन जाईन. म्हणजे तो येईपर्यंत आम्हाला ठरवायचं होतं.

यांनी ती निवड पलटणीतल्यासारखी करायची ठरवली. सकाळी पोरांना ओळीत उभं करून सांगितलं की दोन्हींची ट्रायल होईल, भांडण करायचं नाही, जे पास होईल ते राहील. थोरल्यानं मान डोलावली. धाकटी ओळीत उभी राहिली ती माझ्या मागं, त्यामुळं ओळीत मीही होते.

मला यांच्या मनातलं कळत होतं. खेळण्यात त्यांचा जीव अडकला नव्हता. सुट्टी संपायच्या आत ती पोरगी एकदा आपणहून जवळ यावी, एक शब्द बोलावा, एवढंच हवं होतं. परक्या मुलखात बर्फात आणि पावसात माणूस काढतो दिवस, ते कुणासाठी काढतो हे त्याला घरी आल्यावर बघायला मिळायला नको का? योग्य खेळणं निवडलं की पोरगी येईल असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. म्हणून ते खेळणं निवडायला इतके गंभीर झाले होते, आणि मला त्यांची कीव यायची आणि हसूही यायचं.

मोटारीच्या खेळण्याची ट्रायल पहिल्याच दिवशी हातातनं गेली, कारण ते सासऱ्यांनी घेतलं. 'बगू तरी' म्हणून घेतलं आणि परत दिलं नाही. उसाचा हंगाम संपलेला, गाडीबैल मोकळे, माणूसही मोकळा. कट्ट्यावर मांडी घालून बसायचे आणि ठिपका डावीकडं गेला की स्वतः डावीकडं कलायचे. जन्मभर कारखान्याला उसाची गाडी हाकलेली, त्यामुळं तोंडानं सारखं च्यक च्यक चालू. धडक होऊन यंत्र टर्रर्र वाजलं की म्हणायचे, बैल बुजला. यांनी त्यांना सांगितलं की बाजूची कळ वर सरकवली की मोटार जोरात पळते. सासरे म्हणाले, घाटात कोण जोरात पळवतं. त्या कळीला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. थोरला त्यांच्या खांद्यावरनं वाकून बघायचा, आणि आबांना चहा प्यायला उठावं लागलं की तेवढ्यात खेळून घ्यायचा. आजा आणि नातू दोघंही त्या खिडकीत डोकं घालून बसलेले बघून हे लांबूनच खूश व्हायचे, पण खेळात यांना जागाच नव्हती.

धाकटीनं ते खेळणं एकदा हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि ठेवून दिलं. तिचं बोट त्या कळीपर्यंत पोचत नव्हतं.

म्हणून यांनी भिस्त ठेवली गणितावर. त्यांचं म्हणणं, खेळता खेळता बुद्धी वाढेल आणि थोरला शिकला की धाकटीही बघून बघून जवळ येईल. संध्याकाळी सोप्यात सगळ्यांना बसवून थोरल्याच्या हातात घुबड दिलं. यंत्रानं आकडे दाखवले. थोरल्यानं ओठ हलवत हिशोब केला आणि बटण दाबलं. यंत्रावर तीन विचित्र खुणा चमकल्या, फणीचे दात असतात तशा. सासूबाईंनी विचारलं हे काय. यांनी सांगितलं की हे इंग्रजीतलं ई अक्षर, उत्तर चुकलं की यंत्र ई ई ई असं दाखवतं.

आता आमच्या घरात ई म्हणायची वेळ एकच, शेणात पाय पडला म्हणजे. सासूबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली की ते नक्की ईच म्हणतंय ना, आणि मग म्हणाल्या, "आदीच घुबड, आन् माझ्या नातवाला ई म्हणतंय?"

थोरल्यानं दुसरं गणित केलं. ई. तिसरं केलं. ई. एखादं मधेच बरोबर यायचं, आणि यांचा चेहरा उजळायचा, की पुढच्याला पुन्हा ई. हे शेजारी बसून सोपं करून सांगायला गेले तर पोरगं आणखी घाबरलं आणि दिसेल ते बटण दाबायला लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आपलं मत दिलं की पोराचं काही चुकत नाही, परदेशातलं गणितच वेगळं असेल. हे चिडून म्हणाले की गणित सगळीकडं सारखंच असतं. सासरे म्हणाले, मग भाकरी का सारखी नसते.

मला एकटीला गाठून यांनी विचारलं की हा शाळेत जातो का नुसता हिंडतो. मी म्हटलं, दुसरीत वर्गात पहिल्या पाचात आलाय, मास्तरांना विचारा. पण मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या गावाला गेलेले. मी स्वतः सातवी शिकलेली, पण चुलीपासून सोप्यापर्यंत यायची सवड कुणाला, आणि ते यंत्र बाईच्या हातात द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी फक्त लांबून आवाज ऐकायचे. यांचं 'नीट बघ, नीट बघ', आणि पोराचं गप्प बसणं.

मग थोरलाही यांना टाळायला लागला. यांची चाहूल लागली की परड्यात पळायचा. जेवताना आबांच्या पलीकडं बसायचा. एका पोरीला जवळ आणायला निघालेल्या माणसानं हाताशी असलेला पोरगाही लांब केला. मला त्या घुबडाचा असा राग आला की चुलीत घालावं वाटलं, पण सेलचा धूर विषारी असतो म्हणतात.

एका दुपारी सासरे जेवून कट्ट्यावर मोटार हाकत बसलेले. थोरला आंब्याखाली. हे सोप्यात एकटेच भिंतीला टेकून घुबड हातात घेऊन बसले होते. यंत्र बिघडलं आहे की काय ते स्वतः गणितं करून तपासत होते. मी आत गहू निवडत होते, दार उघडं होतं. धाकटी उंबऱ्यात बसून पाटीवर गिरवत होती. यांच्याकडं पाठ, पण मान मधेच वळायची. सवयीनं हे मोठ्यानं वाचायचे. फौजेत सगळंच मोठ्यानं वाचायची पद्धत असावी.

"नऊ अधिक चार," हे म्हणाले.

धाकटी उठली. पाटी काखेत मारून यांच्या मागं जाऊन उभी राहिली आणि खांद्यावरनं वाकून बघितलं. आजवर ती यांच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती. माझा हात सुपातच थांबला.

"अवं, येक हाय त्यो," ती म्हणाली.

बाहेर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. या घरात यांना हाक मारणारी माणसं तीन. सासूसासरे नावानं, तेही एकेरीत, आणि मी अवं. पोरीनं तिघांचं ऐकून ठेवलं होतं आणि त्यातलं सगळ्यात अदबीचं निवडलं होतं. मी हाक मारते तेव्हा कुणी शिकत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

यांना मात्र अवंचं काही वाटलं नाही. ते घाईनं म्हणाले, नऊ आहे बाळ. ती म्हणाली, येक. हे म्हणाले, नऊ. पोरीनं मग जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं समोर येऊन पाटी त्या यंत्राच्या शेजारी टेकवली. पाटीवर एकामागं एक ओळीनं गिरवलेले मराठी एक होते, १ १ १ १, आणि यंत्रात चमकत होता तो इंग्रजी नऊ. सख्खे जुळे भाऊ.

"तुमास्नी येक बी येत न्हाई?" तिनं विचारलं. विचारण्यात चेष्टा नव्हती. खरोखरची काळजी होती.

यांनी पाटीकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं, पुन्हा पाटीकडं. मीही सूप ठेवून बाहेर आले. मला आधी उमगलं की त्यांना, ते आता सांगण्यात अर्थ नाही. यांनी आंब्याखालनं थोरल्याला बोलावलं. तो चोरासारखा आला. त्याला म्हणाले, उत्तर देऊ नको, नुसतं काय दिसतंय ते वाच. पोरगं वाचायला लागलं. नऊला एक म्हणालं. चारला पाच म्हणालं, कारण इंग्रजी चार आमच्या पाचासारखाच दिसतो. इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काठी, तो म्हणाला हा काना आहे. अकरा आल्यावर म्हणाला, दोन काने. सहा आणि आठ त्याला ओळखीचेच नव्हते, त्यांना तो अंदाजे काहीतरी समजत होता. बटणांचंही तेच. पाच दाबायचा तर बोट चारावर जायचं. दोन, तीन आणि पूज्य एवढेच काय ते दोन्हीकडं सारखे, म्हणून मधेच एखादं उत्तर बरोबर येत होतं. इंग्रजी आकडे आमच्या शाळेत पाचवीशिवाय शिकवतच नसत. आणि हे इतकी वर्षं फौजेत पगारापासून बुटाच्या नंबरापर्यंत सगळं इंग्रजीत वाचत आलेले, त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही.

यांनी कपाळावर हात मारला. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं बरोबर हाय. मराठीत सगळी बरोबर हायती."

थोरल्याचा चेहरा असा काही झाला की मला रडू आलं. कट्ट्यावरनं सासरे ओरडले की मी आधीच सांगितलं होतं, परदेशातलं गणित वेगळं. आणि धडकले. यंत्र टर्रर्र वाजलं.

यानंतर आमच्या सोप्यात शाळा भरायला लागली, आणि पटावर विद्यार्थी एकच. ज्याला एक येत नाही अशा मोठ्या माणसाला असं वाऱ्यावर सोडता येत नाही असं धाकटीनं ठरवलं असावं. दुपारची जेवणं झाली की ती पाटी घेऊन यांच्यापुढं बसायची. मिशा राखलेला हवालदार मांडी घालून, पेन्सिल मुठीत धरून एक काढायचा. ती बोट धरून गिरवून घ्यायची. हात हलला की 'अवं, नीट धरा' म्हणायची. मी हे रोज आतून ऐकायचे आणि गहू निवडायचे थांबायचे. त्या सुट्टीत आमच्या पोळ्यांत खडे फार निघाले.

यांना मराठी अंक येत होते हे सांगायलाच नको. फौजेत जायच्या आधी हे मॅट्रिकपर्यंत शिकलेले, आणि आजही बाजारात भाव मराठीतच करायचे. नऊ म्हणाले ते त्या दिवशी खरंच म्हणाले, पण नंतरचा अडाणीपणा पांघरलेला होता. मी तो ओळखला आणि सासूबाईंनीही ओळखला. फक्त सासरे एकदा गंभीरपणे मला म्हणाले की पोरानं फौजेत जाऊन शिक्षण पार घालवलं की गं. मी मान खाली घालून बरं म्हटलं.

शिकवणी सावकाश चालली. दोन लवकर आला. तिनाची शेपटी राहायची. चारला गाठ बसेना. धाकटी चिडायची, पुसायची, पुन्हा काढून द्यायची, आणि मधेच दमली की यांच्याच मांडीवर डोकं ठेवून थोडा वेळ पडायची. पहिल्यांदा तिनं तसं केलं तेव्हा हे पुतळ्यासारखे बसून राहिले. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. उठल्यावर लंगडत पाणी प्यायला आले, तेव्हा डोळे भरलेले होते. मला म्हणाले, तिखट जास्त झालं होतं कालवणात. मी म्हटलं, असेल.

आणि मग साताऱ्याकडचे ते दोस्त आले. सांगलीला बहिणीकडं निघालेले, पिशवीत कंदी पेढे. सडकेवर एसटीतनं उतरून विचारत विचारत दारात आले. चहापाणी झालं आणि विषय निघाला की कुठलं ठेवता.

आमच्या घरात त्याची चर्चा व्हायचीच राहिली होती. सासरे मोटार खिशात घालून हळूच परड्याकडं निघाले. थोरल्यानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला. त्याला मोटार हवी होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. घुबडाकडं तर तो बघतही नव्हता. बरोबर असूनही ज्यानं आठवडाभर ई ई केलं, त्याचं तोंड कोण बघेल.

यांनी मात्र घुबड हातात धरून ठेवलं होतं. दोस्त वाट बघत होते आणि हे डबा उगाच पुसत होते, सासूबाईंच्या कुंकवाचा डाग अंगठ्यानं घासत होते. मला कळलं. त्या पिवळ्या डब्यानं त्यांना पोरगी दिली होती. तो हातातनं गेला तर ती पुन्हा पदरामागं जाईल, अशी भीती त्या एवढ्या मोठ्या माणसाला वाटत होती. एका बाजूला पोराची हौस आणि दुसऱ्या बाजूला हे. तोंडानं म्हणतही होते की तसं हेच जास्त उपयोगाचं, पुढं पाचवीत कामाला येईल. थोरल्याची मान खाली गेली.

धाकटी उंबऱ्यातनं म्हणाली, "जाऊ द्या त्येला. त्येला येक बी येत न्हाई."

तिनं एवढं ठरवल्यावर विषय संपला. यांनी डबा दोस्ताच्या हातात दिला आणि थोरल्याला म्हणाले की जा, आबांना परड्यातनं बोलव, मोटार आपलीच. पोरगं असं धावलं की उंबऱ्याला ठेचकाळलं तरी रडलं नाही.

दोस्त डबा पिशवीत टाकताना खालच्या आवाजात म्हणाले की आमचं पोरगं तर मला बघितलं की आतनं कडी लावतं, दोन आठवडे झाले. या खेळण्यानं काही फरक पडतो का? हे त्यांना सडकेपर्यंत सोडायला गेले. मी पाण्याची घागर घेऊन मागं होते, म्हणून ऐकू आलं.

"गड्या, खेळण्यानं काय होत न्हाई," हे सांगत होते. "ते नऊ दावंल, पोरगं येक म्हणंल. तू नडू नगंस. तुला काय बी येत न्हाई असं बस. पोर आपसूक शिकवाय येतंय."

दोस्त म्हणाले, आणि बायको हसली तर? हे म्हणाले, हसू दे, माझी रोज हसते. मी घागर उचलून दुसऱ्या वाटेनं गेले.

सुट्टी संपत आली तेव्हा शिकवणी सातावर येऊन अडली. आमचा सात उलटा काढला की तो इंग्रजी सहा होतो, आणि हे दर वेळी उलटाच काढायचे. धाकटी साताचं पोट दुसऱ्या बाजूला काढून दाखवायची. हे मान डोलवायचे आणि पुन्हा उलटा. पोरगी रडकुंडीला आली. मी एकदा एकांतात यांना म्हटलं, किती छळता, काढा की नीट एकदा. हे म्हणाले, सात झाला की आठ, आठ झाला की नऊ, मग संपलंच की.

जायच्या दिवशी सकाळी सगळे सडकेवर उभे होतो. सासूबाईंनी हातावर दही दिलं होतं. सासरे आदल्या दिवशी इस्लामपूरला जाऊन मोटारीला नवे सेल घेऊन आले होते आणि पोराच्या विरहाच्या वेळी त्याबद्दल बोलू नये एवढं भान त्यांना होतं. थोरला ट्रंकेवर बसलेला. कऱ्हाडची एसटी वळणावर दिसली आणि यांनी थोरल्याला उतरवून ट्रंकेला हात घातला.

ट्रंक उचललेली बघून धाकटी आबांपुढं जाऊन उभी राहिली. पाटी काखेत होतीच.

"आबा, ह्यास्नी कुटं पाठवताय? ह्यास्नी अजून सात येत न्हाई."

सासरे माझ्याकडं बघायला लागले, मी सासूबाईंकडं. तिची समजूत कुणी घालायची? यांनी ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यापुढं उकिडवे बसले. तिनं पाटी पुढं केली, पेन्सिल दिली. गाडी येऊन थांबली. कंडक्टर दारातनं हात हलवत होता. मला वाटलं, आता नीट काढतील, पोरीची काळजी मिटवतील आणि जातील.

यांनी सात काढला. उलटा.

"बगा," धाकटी सगळ्यांना म्हणाली, आणि ट्रंकेच्या कडीला दोन्ही हातांनी धरून बसली.